डाऊन सिंड्रोम : उपचार बाळावर, भार आईवर

नवा रायपूर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात जन्मजात हृदयविकार असलेल्या बालकांवर संपूर्णपणे मोफत शस्त्रक्रिया केल्या जातात. त्यामुळे छत्तीसगडबरोबरच देशाच्या इतर भागांतूनही पालक आपल्या मुलांना घेऊन येथे येतात. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग ओलांडले की रायपूर येते. विदर्भातील कुटुंबांना हा प्रवास परका नाही. डाऊन सिंड्रोमसह जन्मलेल्या बालकांपैकी सुमारे निम्म्या बालकांच्या हृदयात जन्मतःच दोष आढळतो. साहजिकच, अशा बालकांच्या अनेक मातांनाही कधी ना कधी हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते.

हृदयातील दोष दूर होतो, बाळ घरी जाते. त्यानंतर वर्षानुवर्षे थायरॉइडची तपासणी, कान आणि डोळ्यांची तपासणी, स्नायूंना बळ देणारे व्यायाम, वाचोपचार असा क्रम सुरू राहतो. देशातील बहुतेक रुग्णालयांत बाळाच्या फायलीत वजनापासून हृदयाच्या ठोक्यांपर्यंत साऱ्या नोंदी सापडतात. ती फाइल सांभाळणाऱ्या आईची झोप, तिचे जेवणखाण, तिची मनःस्थिती यांविषयी मात्र त्या फायलीत रकानाच नसतो. आपल्या व्यवस्थेने आईला बाळाच्या उपचाराचे साधन मानले आहे. तिलाही आधाराची गरज असू शकते, हा विचार अद्याप धोरणाच्या केंद्रस्थानी आलेला नाही.

दरवर्षी २१ मार्च हा दिवस जागतिक डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०११ च्या डिसेंबरमध्ये त्यासंबंधीचा ठराव संमत केला आणि २०१२ पासून हा दिवस अधिकृतरीत्या साजरा होऊ लागला. २०२५ साली या दिनाचे सूत्र 'आधारव्यवस्था सुधारा' असे होते. त्या सूत्राचा अर्थ रायपूर आणि परिसराच्या संदर्भात तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

दोष कुणाचा?

मानवी पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी २१ व्या क्रमांकाच्या जोडीत एक गुणसूत्र अधिक आले की डाऊन सिंड्रोम होतो. ब्रिटिश वैद्य जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले, तर फ्रान्समधील जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली त्यामागील गुणसूत्राचे कारण जगापुढे मांडले. सुमारे ९५ टक्के प्रकरणांत हे अतिरिक्त गुणसूत्र केवळ पेशीविभाजनातील योगायोगाने आलेले असते. ते आनुवंशिक नसते. गरोदरपणातील आहार, ग्रहण, उपासतापास, प्रवास किंवा मनःस्ताप यांचा त्याच्याशी संबंध नाही.

मातेचे वय वाढते तशी ही शक्यता वाढते, हे खरे आहे. तथापि, एकूण बाळंतपणांपैकी बहुसंख्य बाळंतपणे तरुण वयात होत असल्याने डाऊन सिंड्रोम असलेली पुष्कळ बालके पस्तिशीच्या आतील मातांच्याच पोटी जन्माला येतात. म्हणजे वयाचा दाखला देऊन आईला दोषी ठरवण्यालाही आधार उरत नाही.

शास्त्र इतके स्पष्ट असूनही घरात आणि शेजारात चर्चा सुरू होते ती 'हे कुणाकडून आले' या प्रश्नाने. त्याचे उत्तर बहुधा आईकडे बोट दाखवूनच दिले जाते. तिने काय खाल्ले, कोणत्या वेळी बाहेर पडली, माहेरी असे कुणी होते का, याची उलटतपासणी होते. बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे हे एरवीही स्त्रीच्या मनाच्या दृष्टीने नाजूक असतात. त्याच काळात हा आरोप तिच्या वाट्याला येतो. पुढे दिसणाऱ्या नैराश्याची बीजे पुष्कळदा येथेच पडतात. डॉक्टरांनी पतीला आणि सासूसासऱ्यांना समोर बसवून 'यात आईचा दोष नाही' हे वाक्य स्वच्छ शब्दांत सांगणे, हा आईच्या मनावरील पहिला उपचार आहे. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

वार्ता सांगण्याची रीत

निदानाची वार्ता कशी सांगितली गेली, हे माता आयुष्यभर विसरत नाहीत. या विषयावर परदेशांत बराच अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे क्लिफ कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आजही महत्त्वाचा वाटतो. वार्ताच वाईट असल्याने पालक असमाधानी राहणारच, असा तोपर्यंत सर्वसाधारण समज होता. परंतु शक्य तितक्या लवकर, आईवडील दोघांना एकत्र बसवून, बाळाला जवळ ठेवून, एकांतात आणि पुन्हा भेटीचे आश्वासन देऊन हे निदान सांगितले, तर पालकांचे समाधान होऊ शकते, असे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडील गर्दीच्या रुग्णालयांत चित्र वेगळे असते. बाळाच्या तळहातावरील आडवी रेघ आणि डोळ्यांची ठेवण पाहून शंका येते, आधी पुरुष नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगितले जाते आणि आईला ती गोष्ट कुजबुजीतून कळते. 'हे मूल कधीच शिकणार नाही' असे सरसकट विधानही ऐकवले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. योग्य प्रशिक्षण मिळाल्यास यांतील बहुतेक मुले चालतात, बोलतात, स्वतःची कामे स्वतः करतात. अनेक जण लिहावाचायला शिकतात, काही नोकरीही करतात. विकसित देशांत डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचे सरासरी आयुर्मान १९८३ साली सुमारे २५ वर्षे होते. आज ते ६० वर्षांच्या घरात पोहोचले आहे.

अमेरिकेतील डॉ. ब्रायन स्कोट्को यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २,०४४ पालकांनी उत्तरे दिली होती. त्यांतील ७९ टक्के पालकांनी या मुलामुळे जीवनाकडे पाहण्याची आपली दृष्टी अधिक सकारात्मक झाल्याचे नमूद केले. ही आकडेवारी दिलासा देणारी असली तरी तिचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. ते पालक संघटनांशी जोडलेले होते आणि त्यांच्या पाठीशी बऱ्यापैकी सेवाव्यवस्था उभी होती. आधार मिळाला तर आई सावरते, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येईल. आधाराविना ती आपोआप सावरेल, असा अर्थ त्यातून काढता येणार नाही.

यंत्रणा आहे, नजर नाही

छत्तीसगडमध्ये बालकांसाठी यंत्रणा उभी नाही, असे म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मजात व्यंगे, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील आरोग्यस्थितींसाठी बालकांची तपासणी या कार्यक्रमात होते आणि डाऊन सिंड्रोमचा त्यात स्पष्ट समावेश आहे. छत्तीसगडमध्ये हा कार्यक्रम 'चिरायु' या नावाने ओळखला जातो. रायपूरमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. राजनांदगाव येथे केंद्र सरकारचे संयुक्त प्रादेशिक केंद्र असून, जून २०२१ मध्ये देशात सुरू झालेल्या १४ शीघ्र हस्तक्षेप केंद्रांपैकी एक तेथे आहे. रायपूरचे महाराष्ट्र मंडळही दिव्यांग मुलींसाठी विकासगृह चालवते, ही मराठी वाचकांना समाधान देणारी बाब आहे.

या साऱ्या यंत्रणेची नजर मात्र बाळावर खिळलेली आहे. मुलाला अमुक व्यायाम दिवसातून इतक्या वेळा द्या, खेळवताना सतत बोलत राहा, पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊन या, अशा सूचना आईला मिळतात. त्या योग्यच आहेत. पण प्रत्येक नवी सेवा आईच्या दिवसात नवे काम वाढवते, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची विनामोबदला देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १४० मिनिटे देतात, पुरुष ७४ मिनिटे. ही सर्वसाधारण घरांची सरासरी आहे. ज्या मुलाला चालायला आणि बोलायला इतरांपेक्षा अधिक काळ लागतो, त्याच्या आईचे घड्याळ याहून किती कठोर असेल, याची कल्पना करता येते.

यावर समाजाने शोधलेला उपाय म्हणजे आईचे कौतुक. 'देव विशेष मुलासाठी विशेष आई निवडतो' हे वाक्य अशा प्रत्येक आईने ऐकलेले असते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु एकदा त्यागमूर्ती म्हणून मखरात बसवले की दमण्याचा, चिडण्याचा, रडण्याचा अधिकार तिच्याकडून काढून घेतला जातो. 'मला आज हे नको वाटते' असे ती म्हणाली, तर ती वाईट आई ठरते. म्हणून ती बोलत नाही, आणि ती बोलत नाही म्हणून तिचे ठीक चालले आहे असे इतर समजतात.

मितानिन आणि दुसरी आई

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग छत्तीसगडच्याच मातीत सापडतो. या प्रदेशात दोन स्त्रियांनी विधिपूर्वक मैत्र जोडण्याची जुनी प्रथा आहे. भोजली, गंगाजल, महाप्रसाद अशा नावांनी जोडलेले हे नाते जन्मभर पाळले जाते. अशा मैत्रिणीला मितानिन म्हणतात. २००२ साली राज्याने सुरू केलेल्या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तीला हेच नाव देण्यात आले. पुढे २००५ साली देशभर आलेल्या 'आशा' योजनेला या प्रयोगाचा मोठा आधार मिळाला. आज राज्यात सुमारे ७० हजार मितानिन कार्यरत आहेत.

नवजात बाळाच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ठरावीक भेटी देणे हे मितानिनच्या कामाचा भाग आहे. या गृहभेटींचे मूळ छत्तीसगडला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तेथे गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात बालकांचे मृत्यू मोठ्या प्रमाणावर कमी करता येतात, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सिद्ध करून दाखवले. साधी, अल्पशिक्षित स्त्री बाळाचा श्वास मोजायला शिकू शकते, तर ती आईचे मन ओळखायलाही शिकू शकेल.

याला अनुभवाचा आधार आहे. पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात गावोगावच्या आरोग्य सेविकांना संवादाचे साधे तंत्र शिकवण्यात आले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या नैराश्यग्रस्त मातांना या भेटी मिळाल्या, त्यांच्यापैकी २३ टक्के माता बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी नैराश्यात होत्या. इतर गटात हे प्रमाण ५३ टक्के होते. गोव्यात 'संगाथ' संस्थेने हेच काम 'सखी' म्हणून निवडलेल्या स्थानिक स्त्रियांकडून करून घेतले. हे प्रयोग सर्वसाधारण मातांवरील होते, दिव्यांग मुलांच्या मातांपुरते नव्हते. तरीही आईचे नैराश्य ओळखण्यासाठी प्रत्येक गावात मनोविकारतज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही, हे त्यांतून पुरेसे स्पष्ट होते.

येथे एक ढोबळ हिशेब मांडता येईल. डाऊन सिंड्रोमचे प्रमाण साधारणपणे हजार जन्मांमागे एक असे मानले जाते. सुमारे तीन कोटी लोकसंख्या आणि हजारी २२ च्या आसपास जन्मदर पाहता छत्तीसगडमध्ये वर्षाला सहा लाखांहून अधिक बालके जन्मतात. म्हणजे दरवर्षी नव्याने या वाटेवर येणाऱ्या माता सहाशे-सातशेच्या घरात असतील. एका बाजूला या माता आणि दुसऱ्या बाजूला ७० हजार मितानिन. एवढ्या मातांपर्यंत पोहोचणे राज्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे कोण म्हणेल?

मितानिनइतकेच महत्त्व दुसऱ्या आईला आहे. ज्या आईचे मूल आज दहा वर्षांचे आहे, ती नव्या आईच्या घरी जाऊन अर्धा तास बसली, तर त्याचा जो परिणाम होतो तो माहितीपत्रकाने होत नाही. मुंबईतील जय वकील शाळेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या जय या आपल्या मुलीसाठी वकील दांपत्याने १९४४ साली राहत्या घरी काही मुलांना एकत्र करून शिकवण्यास सुरुवात केली. त्यातून उभी राहिलेली संस्था आज देशातील या क्षेत्रातील जुन्या आणि मोठ्या संस्थांपैकी एक आहे. १९९५ मध्ये पालकांच्या संघटनांचा 'परिवार' हा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पालक एकत्र आले की सेवा उभ्या राहतात, आणि त्याहून आधी त्यांचे एकटेपण संपते.

कायद्यात आई कुठे?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात देखभालकर्त्याची व्याख्या आहे आणि आईवडिलांचा तीत समावेश आहे. ज्यांना अधिक आधाराची गरज आहे अशा दिव्यांग व्यक्तींसाठी देखभाल भत्त्याची तरतूदही आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण देते. भारताने २००७ साली मान्यता दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तर गरीब दिव्यांग कुटुंबांसाठी समुपदेशन आणि देखभालीतून काही काळ विश्रांती यांचा थेट उल्लेख आहे.

तरीही आईच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करण्याचे बंधन आपल्याकडे कुणावर नाही. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने प्रौढ आप्ताची देखभाल करणाऱ्याला स्वतःच्या गरजांच्या मूल्यमापनाचा हक्क दिला आणि दिव्यांग मुलांच्या पालकांसाठीही त्याच वर्षी तशी तरतूद झाली. आपल्याकडे या दिशेने एक पाऊल न्यायालयातून पडले. एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयाच्या सहायक प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणे हे नोकरीत स्त्रियांचा समान सहभाग राखण्याच्या घटनात्मक कर्तव्याच्या विरुद्ध आहे. हा निर्णय मोलाचा आहे. परंतु रजा मिळते ती पगारी नोकरी असणाऱ्या आईला. धानाच्या शेतात रोपणीला जाणाऱ्या किंवा रायपूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या आईला रजा कोण देणार?

तिला देता येण्यासारखी गोष्ट म्हणजे काही मोकळे तास. आठवड्यातून दोन दुपारी मूल विश्वासू हाती सोपवता आले, तर ती झोपू शकते, स्वतःचे औषध आणू शकते, माहेरी जाऊन येऊ शकते. राष्ट्रीय न्यासाच्या योजनांत दिवसभराच्या देखभाल केंद्रांची कल्पना आहे. ती जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर, तालुक्यापर्यंत पोहोचणे ही खरी कसोटी आहे. या आधारात वडिलांचा वाटाही गृहीत धरला पाहिजे. केंद्रात येण्याची वेळ कामाच्या दिवशी सकाळचीच ठेवली, तर वडील कधीच येणार नाहीत आणि व्यायाम शिकण्याची जबाबदारी पुन्हा आईवरच पडेल.

मातेच्या मनातील शेवटचा आणि सर्वांत मोठा प्रश्न 'माझ्यानंतर याचे कोण?' हा असतो. मुलांचे आयुष्य वाढले, ही वैद्यकाची देणगी आहे आणि त्याच देणगीने हा प्रश्न अधिक टोकदार केला आहे. मूल १८ वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. ही माहिती आईला मुलाच्या लहानपणीच मिळाली, तर तिची रात्रीची झोप थोडी तरी सुधारेल. निवासी सोयींच्या बाबतीत बदलापूरच्या 'आधार'सारख्या पालकांनीच उभारलेल्या संस्था मार्गदर्शक ठरू शकतात.

काय करता येईल?

या सर्व विवेचनातून काही गोष्टी ठळकपणे पुढे येतात. निदान सांगण्याची निश्चित पद्धत प्रत्येक प्रसूतिगृहाने स्वीकारावी. मितानिन आणि आशा यांच्या गृहभेटीत आईच्या मनःस्थितीविषयी दोन-तीन साधे प्रश्न समाविष्ट व्हावेत आणि गरज दिसल्यास पुढे कोठे पाठवायचे हे त्यांना ठाऊक असावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक बाळाच्या कार्डावर छापला जावा. या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. शीघ्र हस्तक्षेप केंद्रांनी पालकगटाची नियमित बैठक हा उपचाराचाच भाग मानावा. यांतील बहुतेक गोष्टींसाठी नवी इमारत लागणार नाही. असलेल्या माणसांना थोडे प्रशिक्षण आणि थोडा वेळ मात्र द्यावा लागेल.

आई खचली तर बाळाचे व्यायाम थांबतात, तपासण्या चुकतात, हे कारण धोरणकर्त्यांना पटण्यासारखे आहे. परंतु तिच्या आधाराचा विचार केवळ बाळाच्या हितासाठी होऊ नये. बाळाला जन्म देण्यापूर्वीही तिला मन होते आणि ते आजही आहे. रायपूरच्या एखाद्या वस्तीत मितानिन दार वाजवील तेव्हा तिने बाळाचे वजन अवश्य करावे. मात्र वजनकाटा पिशवीत परत ठेवण्यापूर्वी तिने क्षणभर टेकावे आणि आईला विचारावे, 'दीदी, तुम्ही कशा आहात?' आणि उत्तर ऐकण्याइतका वेळ व्यवस्थेने त्या मितानिनला दिलेला असावा.